रीती भूतकाळ

चिठ्ठीला मला साठ शब्द मिळतात.
साठात वस्तू, वर्ष, गाव,
आणि जमलं तर माणूस.
माणसाच्या वाट्याला बहुधा सात-आठ उरतात.

गंगापूर रोडवरच्या दालनात आम्ही सतरा वस्तू मांडल्या.
तुरुंगातला नंबर ठोकलेला जस्ती वाडगा.
पेठकडच्या सालगड्याचा अंगठा असलेला कागद,
सात वर्षं, चारशे रुपये, शाई अजून जांभळी.
कुठल्याशा हॉटेलाच्या मागल्या भिंतीवरचा खिळा,
आणि त्याला टांगलेला, फक्त काहींसाठीचा, कप.
सतरावी होती लोखंडी आकडी,
लांबी पावणेचार फूट, मुठीला सायकलची ट्यूब.

ती द्वारकेजवळच्या चाळीतून आली,
जशोदाबाई ढकोलियांच्या मांडीवर, रिक्षात आडवी,
टोक बाहेर,
टोकाला लाल फडकं, ट्रकवाले सळयांना बांधतात तसं.

मी हातमोजे चढवले. पांढरे, सुती.
घामाने लोखंड गंजतं, असा आमचा नियम.
"हे रोज देतात तुम्हाला?"
म्हटलं, डझनाचं पाकीट येतं.
त्यांनी बोटांत कापड चाचपलं.
"सुती काय कामाचं. पहिल्याच चेंबरला भिजणार."
टोमणा नव्हता तो.
दुकानात नापसंत माल परत सरकवावा, तसं.

फॉर्मवर रकाना होता: वस्तूचे मूल्य.
लोहार साडेतीनशे घेतो, म्हणाल्या.
मी साडेतीनशे लिहिलं.
काचेच्या पेटीचे अठरा हजार झाले होते.

मग त्यांनी चिठ्ठी वाचली, बोट ठेवून, सावकाश:
सफाई कामगार या आकडीने
तुंबलेली गटारे मोकळी करत असत.
"असत म्हणजे?"
म्हणजे पूर्वी.
"आमचा कमलेश सकाळीच सिडकोत उतरलाय."

सातवीत फळ्यावर होता हा काळ.
तो जात असे. ती दळत असे. ते येत असत.
रीती भूतकाळ, बाई म्हणाल्या होत्या, आणि खडू झटकला होता.
किती मऊ काळ.
कुणी कुणाचं काही केलेलं नसतं त्यात,
नुसतं होत असे,
होत असे.

शालिमारचा छापणारा म्हणाला, लॅमिनेशन झालंय, आता काय?
मग एक पट्टी चिकटवली: "करतात".
हात फिरवला तर अजून बोटाला लागते ती,
पण तिथे हात लावायला मनाई आहे.

नवव्या दिवशी गंगापूर धरणातून पाणी सोडलं.
गंगा रामकुंडावर चढली,
जुन्या नाशकातली झाकणं आतून ढकलली जाऊ लागली.
अकराला कमलेश जिना चढून वर आला,
अर्धी पँट, कपाळाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली,
फरशीवर पावलं उमटू नयेत म्हणून दारातच थांबलेला.
"मॅडम, दुसरी वाकली. आमची द्याल?
संध्याकाळी आणून ठेवतो."

करार तीस तारखेपर्यंतचा. सर पुण्याला.
मी कराराचा कागद शोधत होते,
तोवर पहारेकरी निवृत्ती पगारेंनी
किल्लीचा जुडगा काढला,
काच सरकवली
आणि आकडी त्याच्या हातात दिली,
घरातली पळी शेजारी द्यावी तशी.

उरले दोन हूक आणि वरचा दिवा.
पगारेंनी पावतीपुस्तकाचा कागद फाडला,
मागल्या बाजूला बॉलपेनने लिहिलं:
वस्तू कामावर गेली आहे.

त्या दुपारी सगळे तिथेच थबकत होते.
वाडग्यापाशी मिनिट, कपापाशी मिनिट,
रिकाम्या पेटीपुढे मात्र
लोक पिशव्या खाली ठेवून उभे राहत होते.
कुणी फोटो काढला, मग पुसून टाकला.
देवळालीच्या शाळेची एक मुलगी
काचेला नाक लावून विचारत होती,
परत येणार का?
तिच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं.
माझ्याकडे साठ शब्द होते.

"वस्तू येईल," पगारे म्हणाले,
आणि खुर्ची जिन्याच्या तोंडाशी ओढून
खाली बघत बसले.